खिशातला चॉक

दिवाळी आटोपली की आमच्याकडे एक दुपार गरम कपडे काढण्यात जाते. नागपूरची थंडी म्हणजे जेमतेम दीड महिन्याची पाहुणी, पण तिचा थाट जावयासारखा, पेटी उघडा, डांबराच्या गोळ्या वेचा, सगळं गच्चीवर उन्हात टाका. परवा मी तेच करत होतो, म्हणजे बायको टाकत होती आणि मी बाजूला बसून संत्रं सोलत होतो, आणि ती म्हणाली खिसे तपासून दे, मागच्या वर्षी एक पाचशेची नोट धुतली गेली. जुन्या काळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात बोटांना काहीतरी चौकोनी लागलं. काढून पाहतो तर चॉक. पूलचा, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या त्या खेळात काठीच्या टोकाला घासतात तो. निळा, बाजूचा कागद अर्धा सुटलेला, मधे वाटीसारखा खड्डा. बोटं निळी झाली, संत्र्याची फोडही निळी झाली.

"नीळ कुठून आणली आता?" बायको म्हणाली.

नीळ नाही, दोहा, असं म्हणणार होतो पण राहू दिलं.

हा चॉक लंबूचा. लंबू म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतला, समोरच्या वाड्यातला. 2018 च्या डिसेंबरात कतारमधल्या दोह्याला नाइन-बॉलची, म्हणजे पूलच्याच एका प्रकाराची, वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, मुख्य स्पर्धेच्या आधी क्वालिफायर असतात, त्यात लंबूने फी भरली. धरमपेठेतल्या पूल पार्लरमध्ये याला कोणी हरवत नसे, म्हणून. मी कशाला, मला तर पूल येतही नाही, विचारलं तर म्हणाला "तू बॅग धर बे." आणि काकूंनी बजावलं की तू सोबत जा बाबा, हा तिकडे जेवणार नाही. व्हिसाची भानगड नव्हती, त्याच्या आदल्याच वर्षी कतारने भारतीयांना आगाऊ व्हिसा माफ केला होता, नाहीतर मी नक्कीच टाळलं असतं.

सोनेगावहून पहाटेचं थेट विमान. क्यू, म्हणजे खेळायची काठी, केबिनमध्ये नेता येत नाही, सामानात टाकावा लागतो. लंबूने दोन तुकड्यांचा तो क्यू केसमध्ये, केस सोलापुरी चादरीत, चादर सुतळीने बांधून असा काही दिला की काउंटरवरच्या पोरीने दोनदा विचारलं यात नक्की काय आहे. दोह्याला आमच्या बॅगा आल्या, संतरा बर्फीची पिशवी आली, क्यू काही येईना. लंबू त्या फिरणाऱ्या पट्ट्यापाशी असा उभा होता जसा माणूस मेयो हॉस्पिटलच्या वॉर्डबाहेर उभा असतो. शेवटी लांब सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर ती चादर आली आणि हा गडी चक्क नमस्कार करता झाला.

विमानात त्याने मला चॉक समजावला होता. नाव चॉक असलं तरी खडूचा याच्याशी संबंध नाही, यात सिलिका आणि कुरुंदासारखी कडक भुकटी असते, म्हणजे सुरीला धार लावणाऱ्याच्या दगडाची जात. 1897 साली अमेरिकेत याचं पेटंट निघालं. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप असते, ती गुळगुळीत बॉलवर मधे लागली तर ठीक, जरा कडेला मारायला गेलं की सटकते, आणि स्पिन द्यायचा म्हणजे कडेलाच मारावं लागतं. म्हणून चॉक. आणि चॉक ठेवायचा तो निळी बाजू वर करूनच, पालथा ठेवला की कापड खराब होतं. कोणी पालथा ठेवला तर लंबू उठून सुलटा करतो, दुसऱ्याची मॅच चालू असली तरी.

मला हे सगळं ऐकताना आजोबांची पुरचुंडी आठवत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर कॅरम, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस, लाइट गेलेली, आणि आजोबांकडे मलमलच्या फडक्यात बांधलेली बोरिक पावडर, मेडिकलमधून आणलेली. ती बोर्डावर टपटप आपटायचा मान फक्त त्यांचा. आम्ही पोरं पावडर ओतायचो, ते त्यांना बिलकुल खपत नसे, "लग्नात अक्षता टाकता का रे" म्हणायचे. अजूनही कोणी डब्यातून भसाभस पावडर ओतली की मी खेळायला बसत नाही, सरळ उठून जातो, लोक म्हणतात याला काय झालं. तर आजोबांची क्वीन हुकली की ते स्ट्रायकर उचलायचे, उजेडात धरायचे, बनियनला पुसायचे आणि जाहीर करायचे, स्ट्रायकर खराब आहे. दर वेळी. लंबू तेव्हा दहा वर्षांचा असेल, आजोबांना सरळ हरवायचा आणि त्याच स्ट्रायकरने. त्यावर आजोबा म्हणायचे, पोराची बोटं लांब आहेत, ही बेइमानी आहे.

दोहा म्हणाल तर फार काही पाहिलं नाही. हॉल, हॉटेल, हॉल. हॉलमध्ये एसी इतका की जॅकेट तिथेच कामी आलं. चहाला तिथे करक म्हणतात, पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी अरबी प्रकार आहे, प्यायलो तर आपलाच कडक, दूध आटवलेला, वेलचीवाला. मग दिवसाला सहा. एका फिलिपिनो खेळाडूला लंबूने बर्फी दिली आणि आपल्या इंग्रजीत ऐकवलं की स्नूकर आमच्या शेजारी जन्मला, जबलपूरला, 1875 साली, एका इंग्रज अधिकाऱ्याने, नेव्हिल चेंबरलेन (पंतप्रधान झाला तो वेगळा). तो भला माणूस बर्फी खात म्हणाला, पण हा तर पूल आहे. लंबू म्हणाला, हो, पण शेजारी आहे न.

नाइन-बॉलचा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटला होता, आजही वाटतो. टेबलावर सगळ्यात लहान नंबरचा जो बॉल असेल त्याला आधी लागलं पाहिजे, आणि शेवटी नऊ ज्याने पाडला, डाव त्याचा. एक ते आठ तुम्ही एकट्याने घाम गाळून पाडा, नववा हुकला की समोरचा खुर्चीतून उठतो, पाडतो, हात मिळवतो. म्हणजे स्वयंपाक आपण करायचा आणि ताटावर दुसऱ्याने बसायचं.

लंबूच्या मॅचला त्याच्या खुर्चीजवळ एक छोटं स्टूल होतं, त्यावर पाणी आणि चॉक. मी मागेच होतो. माझ्या हाताला चैन नसते, समोर पडलेली वस्तू उचलून चाळत बसायची सवय, घरी यावरून भांडणं झालीत. शेवटच्या डावात लंबू एक एक पाडत होता, सात गेला तेव्हा मला पाहवेना, मी करक आणायला उठलो. काउंटरवरून पाहिलं तर तो स्टुलावर हात फिरवत होता, मग पँटचा खिसा चाचपला, मग वाकला. दोन ग्लास घेऊन परत आलो तेव्हा नऊ पॉकेटच्या तोंडाशी टेकून उभा, समोरचा उठला होता. चहा दोघांनी प्यायला. लंबू एक शब्द बोलला नाही.

मग दोन दिवस आम्ही दुसऱ्यांच्या मॅच पाहिल्या. जर्मनीचा जोशुआ फिलर, 21 वर्षांचा, तो तर जणू ट्रेन सुटून राहिली असा खेळायचा, विचार नाही काही नाही. फायनलचा निकाल नागपुरात आल्यावर मोबाईलवर कळला, त्यानेच फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोला 13-10 ने हरवलं. लंबू म्हणाला "बरं झालं." पुढे त्याने इतवारीत वडिलांचं हार्डवेअरचं दुकान सांभाळलं, क्यू माळ्यावर गेला.

आणि इतक्या वर्षांनी तो चॉक माझ्या जॅकेटमध्ये. म्हणजे उठताना मीच खिशात घातला. हा बिचारा स्टुलावर शोधत होता आणि मी तिकडे करकमध्ये साखर कमी सांगत होतो. संत्रं तसंच राहिलं. तासभर गच्चीवर येरझारा घातल्या, बायकोला सांगितलं तर म्हणाली आता काय त्याचं, जॅकेट उलटं करून टाक. शेवटी लावला फोन. सगळं सांगितलं, स्टूल, चहा, खिसा.

"अबे खिशात दुसरा होता न माझ्या," लंबू म्हणाला, "मी नेहमी दोन ठेवतो. लावला होता मी. दोनदा लावला."

"मग चुकला काहून?"

"चुकला म्हणून चुकला बे. फोन ठेव, गिऱ्हाईक आहे."