तुम्ही विचारलंत म्हणून: अजून दुखते का?

हा प्रश्न मला किती जणींनी विचारला ते मोजलं नाही, पण पद्धत ठरलेली असते. बचत गटाची मीटिंग संपते, बाकीच्या बाया चपला घालून निघतात, एक जण मागे राहते, सतरंजीची घडी करायला लागते आणि खाली पाहूनच विचारते, ताई, तुमच्या घरी ते झालं होतं ना, मग तुम्ही कशा राहिल्या त्यांच्यासंगं, आणि आता दुखत नाही का. मागच्या महिन्यात एकीनं रात्री 11 वाजता फोन करून हेच विचारलं. घरात सगळे झोपलेले, मी मोरीजवळ उभी राहून हळू बोलून राहिली होती, नीट उत्तर काही देता आलं नाही. म्हणून आज सगळं लिहिते: माझ्या नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी होतं, आणि तरी मी राहिली.

हो, दुखते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली आशा वर्कर. घरी साडेचार एकर वावर, कापूस आणि तूर. आमचे हे शेती पाहतात आणि हंगामात तालुक्याला जिनिंगवर कामाला जातात. गोष्ट 2017 ची. त्या वर्षी आमच्याकडं काय झालं ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आधी फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, मग बीटी असूनही गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. दुसरा वेचा सुरू होता. यांचा शर्ट धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला, खिशात मोबाइल वाजून राहिला होता, हे पार तिकडं बैलाजवळ, म्हणून मी उचलला. मी हॅलो म्हणायच्या आधीच पलीकडून एका बाईनं विचारलं, "जेवले का?"

मग माझा आवाज ऐकला आणि फोन ठेवला.

एवढंच. शिवी नाही, प्रेमाचा शब्द नाही, दोन शब्द. पण ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी ओळखला, कारण रोज दुपारी मीच तसं विचारत होती. दोन वर्षांपासून चालू होतं ते मग चार दिवसांत यांच्याच तोंडून बाहेर आलं, थोडं थोडं करून, आणि ते थोडं थोडं येणं फार वाईट. एकदाच सगळं सांगितलं असतं तर एकदाच पडली असती. इथं तर उठून बसलं की आणखी एक.

त्यानंतर जवळपास आठ महिने मी यांना "अहो" म्हटलं नाही. पोराला म्हणायची, बापाला सांग जेवण वाढलं. मनात तर "तो" असंच यायचं. आणि "जेवले का" हे शब्द तर तोंडातून निघतच नव्हते, माझेच शब्द होते पण उष्टे झाल्यासारखे वाटायचे.

लोकांना वाटते की हे दुखणं म्हणजे ती बाई, तो संबंध, ते सगळं डोळ्यासमोर येणं. ते येते, नाही असं नाही. पण मला सगळ्यात जास्त छळलं ते जुन्या आठवणींनी. 2016 च्या महालक्ष्म्यांना हे फुलं आणायला यवतमाळला गेले आणि रात्री नऊ वाजता परत आले, मी यांच्यासाठी आंबील झाकून ठेवली होती, दोघं अंगणात बसून जेवलो, पाऊस नुकताच उघडला होता, ही माझी चांगली आठवण होती हो. आता ती तपासावी लागली. त्या दिवशी उशीर फुलांमुळं झाला की आणखी कशामुळं? असं एकेक वर्ष, एकेक सण, पोरीच्या बारशाचा फोटो पण, सगळे जुने हिशोब परत काढून पाहायचे, आणि कुठला खरा कुठला खोटा ते सांगणारा माणूस एकच, ज्याच्यावर आता भरवसा नाही. ज्या बाया मला विचारतात त्यांना मी हे आधी सांगते, कारण त्यांना वाटते आपलंच डोकं बिघडलं. नाही बिघडलं बाई, असंच होते.

अजून एक गोष्ट, जी कोणीच बोलत नाही. एचआयव्हीची तपासणी. गरोदर बायांना आयसीटीसीला, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणीच्या केंद्रात, मीच नेते, तिथली ताई मला नावानं ओळखते, म्हणून मी दुसऱ्या तालुक्याच्या रुग्णालयात गेली, एसटीनं, कोणाला न सांगता. फुकट होते आणि नाव गुप्त राहते. पहिल्यांदा निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करून घ्यावी लागते, मी केली, यांनाही करायला लावली. त्या रांगेत बसताना जी लाज वाटली ती माझी नव्हती पण बसलेली मी होती, हे मी आजही विसरली नाही. तरीही सांगते, जा. लाजेपायी राहू नका.

गावाचं काय सांगू. काही बाया म्हणाल्या, आशाच्या कामापायी गावभर फिरते, घरी लक्ष नसेल. काही म्हणाल्या, त्या बाईनंच जादू केली. नवऱ्यानं केलं असं म्हणणारी एक निघाली, ती पण विधवा होती, तिला कोणाची भीती नव्हती. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, माणूस घरी आला ना, मग झालं. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग जानेवारीत एका रात्री आम्ही दोघी सोले काढत बसलो होतो, लाइन गेली होती, चुलीचा काय तो उजेड. आत्याबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "तुह्या मामाजीचंही होतं. वरच्या पुऱ्यात. तीस वर्षाच्या वर झाले, मी त्या बोळीतून गेली नाही."

मी पाहतच राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून पाहत होती, आत्याबाई बाजाराला जाताना मारुतीच्या पारावरून वळसा घेऊन जातात. पावसात, चिखलात, गुडघे दुखत असतानाही. मला वाटायचं दर्शनासाठी जातात. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन दहा वर्षं झाली होती, ती बाईही गाव सोडून गेली होती, आणि ही म्हातारी अजून वळसा घेऊन जात होती. (हे मी आत्याबाईंना विचारून लिहून राहिली. त्या म्हणाल्या, लिही, मले कोणाचं काय देणं आहे.)

त्या रात्री मला भीती वाटली. तोवर मी विचार करून राहिली होती की हे दुखणं कधी जाईल. आता कळलं की जात नाही, मग आपण त्याच्यापायी किती वळसे घेणार? मी पण घ्यायला लागलीच होती ना. दुपारी सगळ्या वेचणाऱ्या बाया बाभळीच्या सावलीत जेवायच्या आणि मी उन्हात. तालुक्याच्या बाजारात जिनिंगकडच्या बाजूला मी जातच नव्हती, कारण ती तिकडं राहते.

तर मी गेली. एकटी. हाताला घाम सुटला होता, दोन किलो कांदे घेतले आणि आली. ती दिसली नाही. दुसऱ्या खेपेला दिसली, दुकानात उभी होती, तिनंही पाहिलं. काही झालं नाही. घरी येऊन मी खूप रडली, पण पुढच्या बाजाराला परत गेली. यांनी एकदा विचारलं, बाभूळ तोडून टाकू का. मी म्हटलं नको, सावली चांगली आहे तिची.

आता माफीचं. माफ केलं का, हा दुसरा प्रश्न नेहमी येतो. मला त्या शब्दाचं काय करायचं ते कळत नाही. यांनी पाया पडून माफी मागितली, पण मला माफीपेक्षा पायाखाली जमीन पाहिजे होती, आणि ही गोष्ट मला आत्याबाईंनीच सुचवली. त्यांच्या तरुणपणी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची चळवळ होती, नवऱ्यानं आपणहून बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं, पुढं 1992 मध्ये सरकारनं तशी योजनाही काढली. मामाजींनी काही केलं नाही. आत्याबाई पोराला म्हणाल्या, "माह्या नवऱ्यानं मले देलं नाही, तू हिले दे, मंग माफीचं बोल." यांनी तहसीलला अर्ज दिला. फेरफार व्हायला वेळ लागला, खेटे पडले, पण साडेचार एकरात आज माझं नाव आहे. ज्या दिवशी तो सातबारा हातात आला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर झोपली. कारण आता मी राहते ती माझ्या मर्जीनं, जायला जागा नाही म्हणून नाही. हा फरक ज्या बाईनं भोगला तिलाच कळते.

कायद्याचंही सांगते, खूप गैरसमज आहेत. 2018 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं व्यभिचाराचं 497 कलम रद्द केलं तेव्हा पानठेल्यावर माणसं म्हणून राहिली होती, आता मोकळं रान. अरे पण त्या कलमात बायकोला तक्रार करायची सोय कधी नव्हतीच! 1860 चा तो कायदा, त्यात बाईच्या नवऱ्यानं दुसऱ्या माणसाविरुद्ध तक्रार करायची, जसा काही त्याच्या वावरातला कापूस चोरला कोणी. माझ्यासारखीला तिथं जागाच नव्हती. घटस्फोट मात्र या कारणावर तेव्हाही मागता येत होता, आजही येतो, हिंदू विवाह कायद्याच्या 13 व्या कलमात आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथं अर्ज करायचा. आणि नवरा मारत असेल, घराबाहेर काढत असेल, तर माझी गोष्ट तुमच्यासाठी नाही, तुम्ही 181 ला, बायांच्या मदतीच्या नंबरला, फोन करा, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी तिथं राहायचा हक्क मागता येतो. मी राहिली म्हणून तुम्ही राहावं असं मी कोणालाच म्हटलं नाही. माझी चुलत बहीण निघून आली, वर्ध्याला खानावळ चालवते, तिनंही बरोबरच केलं.

झोपेचं राहिलं. आमच्याकडं शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आम्ही आशा घरोघरी जाऊन विचारतो, झोप लागते का, जेवण जाते का, जगणं नकोसं वाटते का. एका म्हाताऱ्या बाबांना विचारून राहिली होती तर ते माझ्याकडं पाहून म्हणाले, "बाई, तुले लागते का झोप?" मला रडूच आलं, त्यांच्या ओसरीवर. दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडं गेली. सगळ्यांना तिथवर जाता येत नाही, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मनाच्या आजारासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मॅडमनी विचारलं, दिवसातून किती वेळा नवऱ्याला त्याबद्दल विचारता. मोजलं तर वीस-पंचवीस. कुठं भेटले, काय घातलं होतं, काय खाल्लं. एकेका उत्तरातून नवीन चित्र तयार व्हायचं आणि तेच रात्री डोळ्यासमोर नाचायचं. मॅडमनी सांगितलं, प्रश्न लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच विचारा. मग आमचा रविवार ठरला, संध्याकाळी, धुऱ्यावर, पोरं नसताना. मी आशाच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहायची. अट एकच, यांनी चिडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. गंमत नाही सांगत, रविवार येईस्तोवर अर्धे प्रश्न मलाच नको व्हायचे. कृषीवाले दर साली सांगतात ना, फरदड, म्हणजे वेचा संपल्यावर त्याच पऱ्हाटीचा आणखी कापूस, घेऊ नका, जुनी पऱ्हाटी उभी ठेवली की अळी पुढच्या हंगामात जाते. दोन क्विंटलच्या लोभानं आपण पाणी देत राहतो. माझं तसंच होऊन राहिलं होतं, आणखी थोडं कळेल, आणखी थोडं कळेल. आता वर्षातून एखादा रविवार लागतो.

तरी दुखते, हे आधीच सांगितलं. वेचा सुरू झाला की येते, बाभळीला कोणाचा शर्ट दिसला की येते, कधी काहीच कारण नसते. पहिल्यांदा वाटायचं, आलं म्हणजे मागची सगळी मेहनत वाया गेली. आता ओळखते. दोन दिवस राहते, मी यांना सांगते, आज माझं बरं नाही, त्यांना कळते कशाबद्दल, ते समजावायला येत नाहीत, बकऱ्यांचं ते पाहून घेतात. "अहो" परत आलं, कधी आलं ते कळलं नाही. "जेवले का" मात्र आलं नाही. मी "ताट केलं" म्हणते. हे पण समजून गेले, त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

परवा मी भाकरी थापून राहिली होती, आणि यांचा फोन वाजला. माझा हात थांबला, अजूनही थांबतो. यांनी न सांगता स्पीकर लावला, कृषी केंद्रवाला होता, युरियाची गाडी आली म्हणून सांगत होता. तोवर तव्यावरची भाकर करपली. मी बाजूला काढली तर यांनी तीच आपल्या ताटात घेतली, मला चांगली ठेवली.

रात्री 11 ला फोन करणाऱ्या माझ्या बहिणी, तू पण हे वाचशील. तू विचारलं होतं किती दिवस लागतात, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, पण आधी ती तपासणी करून घे, आणि एकटी जाऊ नको, मी येते तुझ्यासंगं. सध्या वेचा चालू आहे, दुपारी फोन उचलला नाही तर मनाला लावून घेऊ नको, दिवेलागणीला मीच करते.