माशाची जात तीच, प्रजाती बदलली. आता गॅझेट कुठून आणू?

पीएच.डी. होऊन बरीच वर्षं झाली, पण 'शीर्षक बदल' हे दोन शब्द कुठे वाचले की अजून माझं डोकं फिरतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळं ओढलं, शेकडो माशांची पोटं फाडून आत काय आहे ते मोजलं, त्याचं काही वाटलं नाही. छळलं ते एका शब्दानं. प्रबंधाच्या शीर्षकातल्या माशाच्या शास्त्रीय नावात 'पुंटियस'च्या जागी 'पेथिया' लिहायचं होतं, बस.

२०११ साली विषय नोंदवला: भीमेच्या खोऱ्यातल्या पुंटियस टिक्टोचा आहार आणि प्रजनन. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. एक काळा ठिपका कल्ल्याच्या जरा मागे, दुसरा शेपटीच्या अलीकडे. माशांचा अभ्यासक हॅमिल्टन, त्यानं १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला सायप्रिनस या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, जवळच्या जातींच्या गटात) घातलं होतं. पुढे फ्रान्सिस डे यांनी बार्बसमध्ये घातलं, मग तो पुंटियसमध्ये आला. म्हणजे बिचाऱ्याची बिऱ्हाडं आधीपासूनच बदलत होती, फक्त माझ्या नोंदणीनंतर बदललं नसतं तर बरं झालं असतं.

२०१२ मध्ये श्रीलंकेचे संशोधक रोहन पेथियागोडा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या पुंटियसची वाटणी केली. खरं तर ती व्हायलाच हवी होती. पुंटियस म्हणजे माळा झाला होता, कुठे बसत नाही तो मासा टाका तिकडे. त्यांनी पुंटियस आवरला, सिस्टोमस वेगळा काढला आणि डॉकिन्सिया, ड्रॅव्हिडिया, पेथिया अशा नव्या प्रजाती केल्या. सिंहली लोक असल्या बारक्या माशांना जे म्हणतात, त्यावरून पेथिया. आमचा टिक्टो तिथे गेला.

मला आधी रागच आला. मग एक मासा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. पाठीवरच्या पराचा शेवटचा, फाटे न फुटलेला काटा सुईनं मागून चाचपला, तर सुई अडकत अडकत गेली. करवतीसारखे दाते! खऱ्या पुंटियसमध्ये हा काटा लेचापेचा आणि गुळगुळीत असतो, शिवाय जबड्याजवळ मिशा असतात. माझ्या माशाला मिशाही नव्हत्या. तीन मासे पाहिल्यावर वाद संपला. गाइड म्हणाले, "अर्ज दे, आठवड्याचं काम आहे."

ते आठवड्याचं काम चौदा महिने चाललं.

विद्यापीठ कार्यालयाच्या खिडकीवरच्या काकांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला. "मॅडम, नाव बदललंय म्हणता. गॅझेट जोडलेलं नाही."

"काका, माशाचं नाव बदललंय."

"हो, पण नावात बदल म्हटलं की राजपत्र लागतं. किंवा लग्नाचा दाखला."

ते चेष्टा करत नव्हते. मी समजावलं की जात तीच आहे, टिक्टो, फक्त प्रजाती बदलली. तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "जात पडताळणी इथे नाही, खाली विचारा." आपल्या पाठ्यपुस्तकांनी स्पीशीजला जाती आणि जीनसला प्रजाती म्हटलंय, तिथेच निम्मा घोळ आहे. म्हणून सांगते, कार्यालयात बोलताना सरळ जीनस-स्पीशीज म्हणा. मराठीचा अभिमान प्रबंधात दाखवा.

पुढची अडचण अशी की हा बदल 'विषयातला' की 'शुद्धलेखनातला' हे कोणी ठरवायचं. विषयातला असेल तर समितीपुढे आणि नव्यानं सादरीकरण. शुद्धलेखनातला असेल तर नुसतं शुद्धिपत्रक. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, मधे परीक्षांचे निकाल, मग दिवाळी. केरळच्या माशांवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे हाल आणखी वाईट. तिचा पुंटियस पंक्टाटस झाला पेथिया पंक्टाटा, कारण लॅटिनच्या हिशेबानं पुंटियस पुल्लिंगी आणि पेथिया स्त्रीलिंगी, त्यामुळे विशेषणाचं शेपूटही बदलतं. तिच्या कार्यालयानं ती टायपिंगची चूक समजून 'दुरुस्त' करून पाठवली.

त्यातच २०१३ मध्ये ड्रॅव्हिडिया हे नाव बाद झालं, कारण ते आधीच एका माशीला दिलेलं निघालं. प्राणिशास्त्रात एक नाव दोन प्रजातींना चालत नाही. नवं नाव पडलं हालुदारिया. हॅमिल्टनच्या माशांची चित्रं काढणारा हालुदार नावाचा एक बंगाली मुलगा होता, त्याच्यावरून. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती खिडकीवर सांगितली. मूर्खपणा. काका म्हणाले, "म्हणजे ही नवी नावंही बदलतात? मग तुमचं पक्कं झालं की या." आणि फाईल बंद. त्या दिवशी मी बसस्टॉपवर बसून रडले.

सुटका झाली ती नवे अधिकारी आल्यावर. त्यांनी एकच विचारलं, "हे दोन्ही एकच आहेत असं कुठे छापलेलं आहे?" कॅलिफोर्निया अकादमी ऑफ सायन्सेसची माशांची सूची नेटवर फुकट आहे, तीत प्रत्येक नावापुढे ते आज कोणत्या प्रजातीत धरतात ते दिलेलं असतं. ते पान छापून, गाइडच्या सहीशिक्क्यासह पहिल्याच दिवशी जोडा. मला हे चौदा महिन्यांनी कळलं. शिवाय शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की पुंटियस टिक्टो आणि पेथिया टिक्टो हा एकच मासा आहे. नोटरीनं वाचून माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता शिक्का मारला.

मंजुरीपत्रात शीर्षक आलं 'पेथिया ऊर्फ पुंटियस टिक्टो', एखाद्या फरार आरोपीसारखं. हॅमिल्टनच्या नावाभोवतीचे कंसही गाळले होते. मासा मूळ प्रजातीतून हलला की त्याचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात जातं, तेव्हा ते कंस शोभेचे नसतात. पण मी हूं की चूं केलं नाही.

आणि हो, बरणीच्या आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, आणि तीत नदी, गाव, तारीख लिहायला विसरू नका. नावं बदलतात, नदी बदलत नाही. मला हे २०१६ मध्ये पटलं, जेव्हा पवना आणि नीरा नद्यांमधून पेथियाची एक नवीच जाती जाहीर झाली, पेथिया संजयमोलुरी. माझ्या एकवीस बरण्यांपैकी सहांवरच्या चिठ्ठीत पवना लिहिलंय. प्रतिज्ञापत्र नावांचं होतं, माशांचं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पहिली बरणी मागच्या रविवारी उघडली. खवले मोजतेय.