बेटकुळीच्या पलीकडचं क्रिएटिन

क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणारा पदार्थ. त्याच्या पावडरीचा डबा जिमच्या बॅगेतून निघतो, म्हणून तो फक्त बेटकुळ्या फुगवणाऱ्यांचा असं घरोघरी ठरून गेलंय. खरं तर ज्यांना त्याची जास्त गरज, ते जिमची पायरीही चढत नाहीत: साठीपुढची माणसं आणि शाकाहारी.

शरीर रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, तेवढंच मटण-मासळीतून मिळतं. डाळ-भाजीत ते जवळजवळ नसतंच, दुधात नावापुरतं. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळातच कमी, आणि पावडर घेतल्यावर तो वाढतोही त्याच्यातच जास्त.

साठीनंतर पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, तो मांड्यांतलं बळ ओसरल्यामुळे. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम आणि जोडीला क्रिएटिन घेतलं, तर नुसत्या व्यायामापेक्षा स्नायू आणि ताकद थोडी जास्त वाढते. व्यायाम वगळून फक्त पावडर घेतली तर फार काही हाती लागत नाही. हाडांचं म्हणाल तर रजोनिवृत्तीनंतरच्या २३७ स्त्रियांवर दोन वर्षं प्रयोग झाला. हाडांची घनता काही वाढली नाही.

मेंदूचं प्रकरण जरा सांभाळून घ्यावं. २००३ साली ४५ शाकाहारी तरुणांना सहा आठवडे रोज ५ ग्रॅम दिल्यावर स्मरणशक्तीच्या चाचणीत चांगला फरक दिसला. पुढे २०२३ मध्ये मोठ्या गटावर तसाच प्रयोग झाला, तेव्हा फरक अगदी किरकोळ निघाला. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, तर १७०० हून जास्त रुग्णांना रोज १० ग्रॅम देऊनही आजार जराही मंदावला नाही. ‘बुद्धीचं टॉनिक’ म्हणून डबा विकणाऱ्याला हे विचारावं.

घ्यायचं ते मोनोहायड्रेट नावाचं साधं क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पहिले पाच दिवस रोज २० ग्रॅमचा मारा करायची गरज नाही; रोज ३ ग्रॅमनेही महिन्याभरात स्नायू तितकेच भरतात. एकदम १० ग्रॅम घेतलं तर पोट बिघडू शकतं. सुरुवातीला काटा किलोभर पुढे सरकला तर ते पाणी असतं, चरबी नव्हे.

पेल्याच्या तळाशी रवाळ साका राहतो ना, ती भेसळ नव्हे. न तापवलेल्या साध्या पाण्यात लिटरभरात जेमतेम १३-१४ ग्रॅम विरघळतं, फ्रिजमधल्या गार पाण्यात त्याहून कमी. मग २०० मिलीत ५ ग्रॅम कुठून मावणार? कोमट पाणी घ्या, किंवा साक्यावर पुन्हा पाणी घालून तोही पिऊन टाका. लिंबू सरबतात कालवून रात्रभर मात्र ठेवू नका. आंबटात त्याचं हळूहळू क्रिएटिनिन होत जातं, म्हणजे शरीर लघवीवाटे टाकून देतं तो टाकाऊ पदार्थ.

आणि घोळ होतो तो याच क्रिएटिनिनचा. किडनी तपासायला रक्तात हेच मोजतात. क्रिएटिन घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा वर जाऊ शकतो, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, खाली येतो आणि घरात रडारड. आदल्या दिवशीचं मटण आणि जोरदार व्यायामही हेच करतात. रिपोर्ट दाखवताना पावडर चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा आणि शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घ्यायची का, ते विचारा; त्या तपासणीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा आणूच नका.