तुम्ही विचारलंत म्हणून: चीन ऐकत नाही, मग शिकवता कशाला?

लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात विचारून झालंय, आणि जहाजावर जाणाऱ्या पोरांना मी शिकवतो, त्यांच्यातही दर वर्षी नव्या बॅचमधलं कोणीतरी विचारतंच: "सर, दक्षिण चीन समुद्राच्या वादात फिलिपाइन्सच्या बाजूने हेगच्या लवादाचा निकाल 2016 ला लागला, चीनने तो मानलाच नाही. मग समुद्राचे कायदे आम्ही शिकायचे कशाला?" मेहुणा तर आडपडदा ठेवतच नाही. "दाजी, बळी तो कान पिळी, एवढं फळ्यावर लिहा आणि चहाला जा. पगार तोच."

आजवर मी हसून वेळ मारून नेली, नाहीतर भडकलो. भडकलो की ठरलेलं उत्तर बाहेर येतं. 2014 मध्ये भारत आणि बांगलादेशचा बंगालच्या उपसागराचा वाद असाच लवादापुढे होता. वादातला समुद्र 25,602 चौरस किलोमीटर, त्यातला 19,467 बांगलादेशाला गेला. आपण मोठे, ते लहान, तरी आपण निकाल मुकाट मान्य केला. मेहुण्याला हे ऐकवलं तर म्हणाला, "असं कधी झालं?" घ्या! पाळलेला निकाल कोणाच्या गावीही नसतो.

पण या उत्तराने माझंच समाधान होत नाही. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेची जॉन पॉल जोन्स ही विनाशिका लक्षद्वीपजवळ आपल्या आर्थिक क्षेत्रातून (किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या समुद्रातून) परवानगी न घेता गेली आणि तसं त्यांनी जाहीरही केलं. सागरी कायद्याच्या 1982 च्या कराराला अमेरिकेने आजवर मान्यता दिलेली नाही, पण त्यातल्या हक्कांसाठी विनाशिका पाठवते ती. आणि आपण? परक्या नौदलाने आपल्या आर्थिक क्षेत्रात कवायती करायच्या तर आधी विचारलं पाहिजे, ही आपली भूमिका. या एका मुद्द्यावर आपण अमेरिकेपेक्षा चीनच्या जवळ बसतो. हे वर्गात सांगितलं की पोरं माझ्याकडे संशयाने बघतात.

असो. या प्रश्नाने मी एवढा का चिडतो, ते एकदा लिहूनच टाकतो.

2015 साली मी एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड मेट (कॅप्टन आणि चीफ मेटच्या खालचा अधिकारी) होतो. फिलिपाइन्सच्या झाम्बालेस किनाऱ्यावरून निकेलची माती भरून आम्ही दक्षिण चीनच्या बंदराकडे निघालो होतो. हा माल वाईट. ओला असला तर वाटेत त्याचा चिखल होतो आणि जहाज कलतं. त्यामुळे भरताना दिवसभर डब्यात माती घेऊन ती पंचवीस-पंचवीस वेळा आपटून बघायची, वर पाणी सुटतंय का. हात दुखत होते. रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, माझा. जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर मी आणि लुकआउटला एक फिलिपिनो एबी (खलाशी), दोघंच.

पोर्ट बाजूला, म्हणजे डावीकडे, वीसेक मैलांवर स्कारबरो शोल, चीन आणि फिलिपाइन्स दोघंही आपला म्हणतात तो उथळ खडकाळ भाग. एबी त्याला पनाताग म्हणायचा. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ शांत. त्याचा मामा पूर्वी तिथे मासे धरायला जायचा. 2012 मध्ये चीनने शोल ताब्यात घेतला, तेव्हापासून जाणं बंद झालं होतं.

दीडच्या सुमाराला रेडिओच्या चॅनल सोळावर आवाज आला. आमच्या जहाजाचं नाव घेऊन, इंग्रजीत: तुम्ही आमच्या हद्दीकडे येत आहात, उत्तरेकडे वळा. मी विचारलं, कोण बोलतंय? पुन्हा तेच वाक्य. रडारवर सहा मैलांवर एकच ठिपका, जहाजाची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा बंद, सरळ आमच्या रोखाने येणारा. आजूबाजूला दुसरं काहीही नाही, एक होडीसुद्धा.

मला कायदा तेव्हाही पाठ होता. शोल कोणाचाही धरा, प्रादेशिक समुद्र बारा मैलांचा, आम्ही वीसवर. आणि बाराच्या आतसुद्धा मालवाहू जहाजाला निरुपद्रवी जाण्याचा हक्क आहे. हे सगळं डोक्यात फिरत असताना मी कॅप्टनला फोन लावला. ते बनियनवरच वर आले, रडारकडे पाहिलं, तिसऱ्यांदा आलेला आवाज ऐकला आणि म्हणाले, "वीस डिग्री स्टारबोर्ड." म्हणजे उजवीकडे. जहाज वळलं. ठिपका थोडा वेळ मागे राहिला, मग थांबला. आमचा साधारण तासभर गेला.

खरी गोष्ट त्यानंतरची. मी विचारलं, "सर, लॉगमध्ये, जहाजाच्या नोंदवहीत, काय लिहू?"

"मासेमारी बोटींमुळे मार्ग बदलला."

"पण सर, एकही बोट..."

"परवा बंदरात कागद बघायला माणसं चढतील. नसती कटकट नको."

मी लिहिलं. वेळ, जागा, नवा कोर्स, सगळं अचूक. आणि कारण खोटं. खाली माझी सही. रेडिओवरचं बोलणं व्हीडीआरमध्ये, म्हणजे जहाजाच्या ब्लॅक बॉक्समध्ये, होतंच, पण आमच्या त्या जुन्या यंत्रात बटण दाबून जपून ठेवलं नाही तर बारा तासांनी त्यावरच नवं चढायचं. बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. दुपारी पुन्हा वॉचवर आलो तेव्हाही वेळ होता, तासाभराचा. मी चार्टवर पेन्सिल चालवत बसलो. एबी मला काहीच म्हणाला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी 12 जुलैला निकाल आला तेव्हा मी किनाऱ्यावर होतो. पाचशेच्या आसपास पानं. नकाशावर नऊ तुटक रेघा आखून चीन त्या समुद्रावर जो ऐतिहासिक हक्क सांगतो, तो लवादाने फेटाळला, ते तुम्हाला माहीत आहे. फिलिपिनो कोळ्यांना शोलवर मासे धरू न देणं बेकायदा, हेही त्यात होतं. एबीचा मामा आठवला. मी इतका खूश झालो की मित्रांना लिहिलं, आता विषय संपला. त्या मित्रांपैकी एक अजून मला दर 12 जुलैला "संपला का विषय?" असा मेसेज पाठवतो.

पण त्या निकालातली एक गोष्ट मला सोडत नाही. भरतीच्या वेळी खडक पाण्याच्या वर राहतो की खाली जातो, यावर त्याच्याभोवतीच्या समुद्रावर हक्क सांगता येणार की नाही ते ठरतं. आता दक्षिण चीन समुद्रातल्या कित्येक खडकांवर भराव आणि काँक्रीट, काहींवर धावपट्ट्यासुद्धा. बघणार काय? तेव्हा लवादाने जुन्या मोजण्या धुंडाळल्या. 1860 च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या रायफलमन जहाजाने केलेलं सर्वेक्षण त्यात होतं. कोणीतरी दोरीने खोली मोजली, दिसलं तसं लिहिलं, आणि दीडशे वर्षांनी हेगमध्ये ते पुरावा म्हणून वाचलं गेलं.

आणि माझं लॉगबुक? त्यात मासेमारी बोटी आहेत.

माझा सहकारी म्हणतो, उगाच स्वतःला एवढं महत्त्व देऊ नकोस. व्यापारी जहाजाची नोंद म्हणजे राष्ट्राची वागणूक नव्हे. बरोबर आहे त्याचं. मग मी त्याला पेद्रा ब्रँका ऐकवतो. सिंगापूरहून या समुद्रात शिरताना हॉर्सबर्गचं दीपगृह लागतं, ते ज्या खडकावर आहे तो. त्यावर सिंगापूर आणि मलेशियाचा वाद होता. 1953 मध्ये आताच्या मलेशियातल्या जोहोरच्या एका अधिकाऱ्याने पत्रात लिहून दिलं की त्या खडकाच्या मालकीवर आमचा दावा नाही. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो सिंगापूरला दिला, त्यात या पत्राला आणि नंतरच्या गप्प बसण्याला मोठं वजन होतं. सहकारी म्हणतो, "ते सरकारी पत्र होतं." तेही बरोबर.

तेव्हाच्या मला मी दोष देतो आणि लगेच त्याची बाजूही घेतो. चीफ मेटची परीक्षा व्हायची होती, घराचे हप्ते चालू होते, रिपोर्ट कॅप्टनच्या हातात होता. हे सगळं खरं होतं. चार पावलंही खरीच होती.

तर मेहुण्याचं "बळी तो कान पिळी" मला झोंबतं ते यामुळे. माझा कान कोणी पिळलाच नव्हता, मी आधीच मान वळवली होती. आणि असंच सगळे वळवत असतील तर तो बरोबर बोलतोय, हेही मला दिसतं.

या टर्मला लॉगबुक शिकवताना एका मुलीने विचारलं, "सर, कॅप्टनने खोटं लिही म्हणून सांगितलं तर?"

मी म्हटलं, "घडलं ते लिहायचं. आणि व्हीडीआरचं बटण आधी दाबायचं."

"आणि मग पुढचं कॉन्ट्रॅक्ट?"

मी फळा पुसायला घेतला.