तुम्ही विचारलंत म्हणून: सिमेंट का नको?

गंगेकाठच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, जुन्या महादेवाच्या देवळाची डागडुजी निघाली की पारावर हाच सवाल येतो: "चुन्यात महिने कशाला घालवता? सिमेंटनं आठ दिवसांत होतं."

खालचं काम हेमाडपंती, घडीव काळा दगड कोरडाच दगडावर बसवलेला. दगडांमधल्या त्या दरजांत (सांध्यांत) चुनासुद्धा नाही, तिथं सिमेंटचं कामच काय? खरा प्रश्न वरच्या, मागाहून चढवलेल्या विटांच्या शिखराचा आहे.

वीट पावसाचं पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू वाळून जातं. सिमेंट ते कोंडून धरतं. पाण्यातले क्षार गिलाव्यामागं साचतात, त्यांचे खडे बनतात आणि वीट पिठासारखी भुगा होते. वरून सगळं ठणठणीत दिसतं. थापीनं ठोकलं की पोकळ वाजतं.

असंच एका शिखरावरचं सिमेंट काढायला घेतलं. घण बंद, फक्त बारीक छन्नी, तीही आडवी धरून, कडेपासून आत. तरी एक ढलपा निघाला तो विटेचं बोटभर कातडं घेऊनच. उलटा केला तर आत जुन्या चुन्यातली कमळाची पाकळी, अर्धी सिमेंटला चिकटलेली, अर्धी शिखरावर राहिलेली. ती परत बसत नाही. 'सगळं सिमेंट उतरवायचंच' हा आमचा आधीचा हट्ट होता, तो त्या पाकळीपाशी चुकला. मग उरलेलं तसंच ठेवलं, भोवती चुना भरला. पण कोंडलेली ओल तिथं आहेच, हेही खरं.

चुना मात्र चुन्यासारखाच करावा लागतो. कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग वाळू. गंगेची वाळू मातकट असते, ती धुतल्याशिवाय घ्यायची नाही. मळताना गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. एक थर अर्ध्या इंचाच्या आत, वर आठवडाभर ओलं गोणपाट. एप्रिलच्या उन्हात उघडा टाकला की तडकतो, आणि बोल चुन्याला लागतो!

ओलीचं आणखी एक: पूर ओसरला की गोमुखातला, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीतला, गाळ आधी काढा, नाहीतर ते पाणी देवळाच्या पायात मुरतं.

चुन्याचे गवंडी मिळत नाहीत, खर्च जास्त येतो, श्रावण तोंडावर असतो. ही तुमची तक्रार रास्त आहे, तिला आमच्याकडे उत्तर नाही. त्या शिखरावर राखलेल्या सिमेंटच्या कडेला यंदा पांढरा लोणा (क्षारांचा थर) फुटलाय. काढावं की राहू द्यावं, यावर आमच्यातच दोन मतं आहेत.