जुन्या आयफोनवर फोटो गायब

शुक्रवारी डिप्लॉय करू नका (म्हणजे नवीन कोड लाईव्ह साईटवर चढवू नका) असं मी ज्युनिअर पोरांना कायम सांगतो आणि स्वतः केलं गुरुवारी रात्री साडेअकराला, म्हणजे भोगायला शुक्रवारच आला.

क्लायंटची साईट म्हणजे नुसते प्रॉडक्टचे फोटो. होम पेजवरचा पहिला फोटो ४००० पिक्सेल रुंद, मोबाईलवर दिसणार जेमतेम ८०० मध्ये, वर कुणीतरी सगळ्या फोटोंना सरसकट लेझी लोडिंग लावून ठेवलेलं, म्हणजे जो फोटो सगळ्यात आधी दिसायला हवा तोच ब्राउझर मागे ठेवणार. एलसीपी, म्हणजे पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ, चार सेकंदांच्या वर. गूगलच्या हिशोबाने तो २.५ च्या आत पाहिजे. फोटो मापात कापले, पहिल्याचं लेझी काढलं, एवढ्यावरच निम्मं काम झालं होतं खरं तर. पण क्लायंटच्या मीटिंगमध्ये कुणीतरी 'एव्हीआयएफ' (फोटोचा एक नवा फॉरमॅट) हा शब्द ऐकून आलेलं, आणि मलाही हात शिवशिवत होतेच.

जेपीईजी १९९२ चं स्टँडर्ड, ते फोटोचे ८ बाय ८ चे चौकोन पाडून एकेक चौकोन दाबतं, म्हणून जास्त दाबलं की आकाशात ठिगळं दिसायला लागतात. एव्हीआयएफ म्हणजे एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटची एक फ्रेमच समजा, त्यात ब्लॉक १२८ पिक्सेलपर्यंत मोठा होतो आणि शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधून चुकलेलं तेवढंच साठवतात, त्यामुळे सपाट बॅकग्राऊंड जवळपास फुकटात बसतं. पण क्वालिटीचा आकडा जेपीईजीचा म्हणून तसाच उचलून इथे टाकायचा नाही, दोन्हीच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. मी खाली खाली नेत गेलो तर एका जाड विणीच्या कापडाचा पोतच गेला, मेण फासल्यासारखं गुळगुळीत! फाईल साईझ बघून मी खूश होतो, आमच्या डिझायनरने झूम करून दाखवलं तेव्हा कळलं. पुन्हा सगळे फोटो एन्कोड, आणि हे एन्कोडिंग वेबपीपेक्षा (जेपीईजीनंतरचा, एव्हीआयएफच्या आधीचा फॉरमॅट) कितीतरी हळू, रात्रभर मशीन तापत होतं.

आता खरी चूक. पानं हजारो, टेम्प्लेट जुनी, प्रत्येक ठिकाणी पिक्चर टॅग (एकाच फोटोचे वेगवेगळे फॉरमॅट देणारा एचटीएमएल कोड) कोण घालत बसणार? म्हणून शॉर्टकट मारला. यूआरएल तीच ठेवली, शेवटी .जेपीजी. ब्राउझर फोटो मागताना ॲक्सेप्ट हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्टसोबतच्या एका ओळीत, सांगतोच की मला काय काय वाचता येतं, ते बघून सर्व्हरने एव्हीआयएफ, वेबपी नाहीतर जेपीईजी पाठवायचं. एक्स्टेन्शनकडे ब्राउझर बघत नाही, त्यामुळे चालतं. माझ्या लॅपटॉपवर चाललं, माझ्या फोनवर चाललं, झोपलो.

सकाळी क्लायंटच्या मॅडमचा फोन, "अहो, फोटोच दिसत नाहीत." मी बघितलं तर सगळे दिसतायत. रिफ्रेश करून बघा म्हणलं (आपलं नेहमीचं). अर्ध्या तासाने त्यांचाच मेसेज, आता दिसतायत. बरं. दुपारी पुन्हा गायब. तेवढ्यात आमच्या टीममधला एकजण म्हणतो, अरे तुझा स्पीडचा स्कोअर सकाळी मस्त होता, आता परत पडलाय, फोटो सगळे जेपीईजीच येतायत. मी दोन वेगळी तिकीटं केली, एक 'फोटो गायब' आणि एक 'स्पीड कमी-जास्त', आणि दुसऱ्याच्याच मागे लागलो कारण ते माझ्या मशीनवर दिसत तरी होतं. तीन तास वाया!

शेवटी टेस्टिंगमधली मुलगी घरून जुना आयफोन ७ घेऊन आली. "दादा, हे बघ." सगळीकडे फोटोच्या जागी मोकळे चौकोन. मी म्हणलं क्रोममध्ये उघड, त्यातही तेच, म्हणून मी नेटवर्कला शिव्या घातल्या. डोक्यातच आलं नाही की त्या फोनवरचं क्रोमही आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतं. आणि आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही, एव्हीआयएफ आलं आयओएस १६ पासून.

पण मग सर्व्हरने त्याला एव्हीआयएफ दिलंच का? सर्व्हरचे लॉग बघितले तर त्या फोनची रिक्वेस्टच नाही. कर्ल या कमांडने ॲक्सेप्टमध्ये फक्त जेपीईजी लिहून तीच यूआरएल मागवली, उत्तरात कंटेंट टाईप इमेज स्लॅश एव्हीआयएफ आणि खाली कॅशे हिट, म्हणजे हे आधी साठवलेल्या कॉपीतून आलं. फाईल हेक्समध्ये, म्हणजे कच्चे बाईट दिसतील अशी, उघडली. जेपीईजीची सुरुवात एफएफ डी८ ने होते, इथे चार बाईट सोडून एफ-टी-वाय-पी आणि लगेच ए-व्ही-आय-एफ. नाव जेपीजी, आत भलतंच.

सीडीएन! म्हणजे फाईलींच्या कॉप्या जागोजागच्या सर्व्हरवर साठवून (कॅशे करून) जवळच्या सर्व्हरवरून देणारं नेटवर्क. त्याच्या लेखी एक यूआरएल म्हणजे एक फाईल. कॅशे संपल्यावर पहिला नवीन क्रोमवाला आला की एव्हीआयएफ साठवायचं आणि मग ते जुन्या आयफोनलाही द्यायचं. पहिला जुना फोन आला की त्याचं जेपीईजी साठवायचं आणि नवीन फोनलाही तेच द्यायचं, म्हणून स्कोअर पडायचा. प्रत्येक एज सर्व्हरची (जागोजागच्या त्या सर्व्हरची) कॅशे वेगळी, त्यामुळे मॅडमला जे दिसत होतं ते मला दिसेना. दोन तिकीटं, आजार एकच. मी रिस्पॉन्समध्ये 'व्हॅरी: ॲक्सेप्ट' ही एक ओळ (उत्तर ॲक्सेप्टप्रमाणे बदलतं ही कॅशेला सूचना) टाकायला विसरलो होतो.

ओळ टाकली, कॅशे पर्ज, म्हणजे रिकामी केली, आणि तरीही तेच. बऱ्याच सीडीएनमध्ये व्हॅरीमधलं ॲक्सेप्ट-एन्कोडिंग (कॉम्प्रेशनचा हेडर) सोडून बाकीचं मुद्दाम सांगितल्याशिवाय बघत नाहीत, आणि सरळ ॲक्सेप्टवर कॅशे तोडली तर प्रत्येक ब्राउझरची ती ओळ थोडी थोडी वेगळी असते, एका फोटोच्या पंधरा कॉप्या होतात. मग एजवरच त्या ओळीचे तीन गट पाडले, एव्हीआयएफवाले, वेबपीवाले, उरलेले, आणि ते कॅशे कीमध्ये (साठवलेली कॉपी ओळखायच्या खुणेत) घातलं. रात्री नऊला त्या आयफोन ७ वर वेबपीचे फोटो आले, ते आयओएस १४ पासूनच चालतं.

पुढच्या महिन्यात गपगुमान टेम्प्लेट उघडून पिक्चर टॅग घातले, प्रत्येक फॉरमॅटची यूआरएल वेगळी, एव्हीआयएफचा सोर्स सगळ्यात वर, कारण ब्राउझर वरून पहिला जमणारा उचलतो. जे काम टाळायला शॉर्टकट मारला तेच केलं शेवटी.

सोमवारी मॅडमचा परत फोन, मी घाबरतच उचलला. फोटो दिसत होते. पण त्यांच्या मार्केटिंगच्या मुलाने साईटवरून एक फोटो सेव्ह करून घेतला आणि तो त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना.