सड्यावरचा डीएक्स लॉग: स्टेशन नको, बँडच उचला

या हिवाळ्यात डीएक्सची, म्हणजे दूरदूरची रेडिओ स्टेशनं पकडून ओळखण्याची, एक पद्धत पक्की बसली. डायल फिरवत बसायचं आणि काही लागलं की घाईघाईने रेकॉर्डिंग चालू करायचं, हे मी बंद केलं. स्टेशन स्वतःचं नाव सांगतं ते बहुधा तासाच्या ठोक्याला. मग त्या ठोक्याच्या आगेमागे मीडियम वेव्हचा जमेल तेवढा बँड एकदम उचलून, म्हणजे त्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र रेकॉर्ड करून, ठेवायचा आणि ऐकायला निवांत बसायचं.

ठोका कुणाचा, ही यातली खरी गंमत आहे. आपलं घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. ओमान, अमिराती, सौदी, पाकिस्तान यांची घड्याळं पूर्ण तासांच्या फरकाने चालतात, त्यामुळे त्यांचा ठोका आपल्याकडे साडेआठ, साडेनऊ असा अर्ध्यावर पडतो. इराण मात्र साडेतीन तास पुढे, म्हणून त्यांचा ठोका आपल्या ठोक्यालाच. नेपाळचा पावणेनऊ, पावणेदहा असा. संध्याकाळी एखाद्या चॅनेलवर तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातला नऊ वाजता कोण बोललं आणि साडेनऊला कोण, एवढ्यावरूनसुद्धा दिशा कळते. माझा रेडिओ एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडून चालणारा. त्याच्या एसडीआर कन्सोल या प्रोग्रॅमच्या शेड्युलरमध्ये मी दर तासाला मिनिट ५७ ते ०३ आणि २७ ते ३३ अशी सहा-सहा मिनिटं लावून ठेवली आहेत.

जागेबद्दल थोडं. घर गुहागर तालुक्यात, सड्यावर. पश्चिमेला थेट ओमानपर्यंत पाणीच. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे क्षितिजालगत येणारी मीडियम वेव्ह किनाऱ्यावर जोरात उतरते. पायाखाली मात्र जांभा. कातळात अर्थिंगचा रॉड जात नाही आणि गेला तरी कोरड्या दगडात त्याचा उपयोग फारसा नाही. म्हणून लांब तारेचा नाद सोडून लूप अँटेना लावली. तिला अर्थ लागत नाही, आणि ती फिरवून शेजारच्या एलईडी दिव्यांची खरखर बरीच खाली आणता येते. खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर हिरवे पडतात, तेवढं सांभाळावं लागतं. जोडावर घट्ट टेप गुंडाळून वरून ग्रीस लावलं की बरेच दिवस काढतात.

रिसीव्हर एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी. त्यात साधारण ६६० किलोहर्ट्झ स्वच्छ मिळतात. आपला मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे एका वेळी अर्ध्याहून थोडा जास्त. मी बहुतेक वेळा वरचा भाग घेतो. सेकंदाला ७ लाख ६८ हजार नमुने, एका नमुन्याला चार बाइट, म्हणजे सेकंदाला तीन मेगाबाइट. सहा मिनिटांना १.१ जीबी, तासाला ११. तासन् तास चालू ठेवलंत तर डिस्क भरेलच, शिवाय साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. ठोक्यापुरतंच घेतलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

एसडीआर नसेल तरी अडत नाही. टेकसन पीएल-३३० सारखा रेडिओ, हेडफोनच्या भोकातून वायर आणि यूएसबी साउंड कार्डचं लाइन-इन, बस्स. फोनमध्ये थेट घालायचं असेल तर मध्ये रेझिस्टरचं छोटं अटेन्युएटर हवंच, कारण माइकच्या इनपुटला हेडफोनचा आवाज झेपत नाही. ॲपमधलं आवाज आपोआप सारखा करणारं सेटिंग आठवणीने बंद करा. सिग्नल कसा चढतो-उतरतो हीच तर आपल्याला हवी असलेली माहिती, आणि ते सेटिंग नेमकी तीच पुसून टाकतं. मूळ प्रत वेव्हमध्येच ठेवा. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, मिनिटाला पाच-साडेपाच एमबी. एमपी३ फक्त स्टेशनला पाठवायच्या प्रतीला. खरखरीत बुडालेलं नाव शोधायचं तर कापलेल्या फाइलवर हात चालत नाही.

लॉगमधली माझी एक ओळ अशी असते: तारीख यूटीसीत, वेळ यूटीसीत, ८८२ किलोहर्ट्झ, पुत्तलम (श्रीलंका), टीडब्ल्यूआर (ट्रान्स वर्ल्ड रेडिओ), भाषा, काय ऐकलं, सिन्पो (सिग्नल कसा होता ते सांगणारे पाच आकडे) ४३४४३, फाइलचं नाव. रात्री बारानंतर आपली तारीख बदललेली असते आणि यूटीसीची नाही, म्हणून दोन्ही एकाच घड्याळात. ट्रान्समीटरची जागा वेगळी लिहायचीच. १४१३ वर बीबीसी लंडनची असली तरी लहर येत आली आहे ती ओमानमधल्या असीलाहून.

‘काय ऐकलं’ या रकान्यात ‘गाणी, बातम्या’ लिहून भागत नाही. २१:३० ला पुरुष आवाज, २१:३२ ला तंतुवाद्याची धून, २१:३३ ला बाईच्या आवाजात फोन नंबर, असं मिनिटवार लिहिलं तर तिकडचा माणूस आपल्या नोंदीशी ताडून पाहू शकतो आणि क्यूएसएल कार्ड (स्टेशन ऐकल्याची पोच) पाठवताना त्याला शंका उरत नाही. (या वेळा इथे आपल्या घड्याळाच्या दिल्या; लॉगमध्ये आणि स्टेशनला कळवताना अर्थात यूटीसीत.) नाव ऐकू आलं नसेल तर मी त्या ओळीत ‘अनोळखी’ लिहितो. यादीत फ्रिक्वेन्सी पाहून नाव भरणं मला पटत नाही. वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रावर) मात्र खूप झूम करून कॅरिअर, म्हणजे स्टेशनची मूळ लहर, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपासून नेमका किती हर्ट्झ सरकलेला आहे ते टिपून ठेवतो. एकाच चॅनेलवरचे दोन ट्रान्समीटर क्वचितच अगदी एकाच जागी असतात. तोच सरकलेला कॅरिअर पुढे कधी नावासकट सापडला तर जुन्या अनोळखी नोंदीचाही माग लागतो.

आता मोर्चा एफएमकडे. मार्च ते मेमध्ये अरबस्तानावरची गरम कोरडी हवा समुद्रावरच्या दमट, थंड थरावर पसरते आणि त्या दोन थरांमध्ये लहरी अडकून आखाती एफएम आपल्या किनाऱ्यावर येतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसले होते ते याच कारणाने. एफएमवर आरडीएस (आवाजाबरोबर येणारा मजकूर) असेल तर स्टेशनचं नाव पडद्यावरच येतं, त्याचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. हर्णै, देवगड, मालवण, वेंगुर्ला, जिथे कुणी ऐकत असेल त्यांनी रात्री साडेनऊच्या आगेमागे सहा मिनिटं एफएम उचलायला सुरुवात करा. फाइलच्या नावात गाव आणि यूटीसी वेळ टाका, म्हणजे एकाच रात्री तो थर किनाऱ्यावर कुठून कुठपर्यंत पोचला ते आपल्याला मिळून काढता येईल.